दोनशे तास

मेरीलँड हे अमेरिकेतलं एक राज्य. तिथल्या पोलीस प्रशिक्षण संस्थेत नव्यानं भरती झालेल्या जवानांना मॅडी सीगल या समाजशास्त्रज्ञ बाईंनी एक साधा प्रश्न विचारला होता: तुमच्या तुकडीतले तुमचे सगळ्यांत जवळचे मित्र कोण? नावं जमा झाल्यावर त्यांनी जवानांचं वय, धर्म, शिक्षण, आवडीनिवडी, लग्न झालंय की नाही, असं सगळं ताडून पाहिलं. कोणाचं कोणाशी जमलं याचा सर्वांत भरवशाचा पत्ता लागला तो आडनावाच्या पहिल्या अक्षरात. संस्थेतल्या राहण्याच्या खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावांच्या वर्णानुक्रमानं दिलेल्या होत्या. यादीत जो शेजारी तोच खोलीत शेजारी, तोच वर्गात शेजारी, आणि पुढे तोच जवळचा मित्र. सीगलबाईंचा हा लेख 1974 साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडच्या शाळेत शिकलेल्या कोणालाही याचं फारसं नवल वाटू नये. हजेरीपटावर कदमांच्या मागे कांबळे आणि कांबळ्यांच्या मागे कुलकर्णी येतात. प्रॅक्टिकलच्या गटात, परीक्षेच्या बाकांवर, सहलीच्या यादीत तीच माणसं पुन्हा पुन्हा एकमेकांच्या वाट्याला येतात. पन्नाशीच्या माणसाला त्याचा सर्वांत जुना मित्र कसा मिळाला हे विचारून पाहावं. ‘एका बाकावर होतो’, ‘शेजारच्या बिऱ्हाडात राहायचा’, ‘एकाच एसटीनं जायचो’ अशीच उत्तरं येतात. विचार जुळल्याची गोष्ट त्यानंतर निघते, कारण विचार जुळतात की नाही हे कळण्यासाठी आधी तो माणूस रोज समोर यावा लागतो.

ही गोष्ट फूटपट्टी घेऊन मोजली गेली ती मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यातून परतलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी या संस्थेनं वेस्टगेट नावाची वसाहत उभी केली. घर रिकामं होईल तसं ते प्रतीक्षायादीतल्या पुढच्या कुटुंबाला मिळे, त्यामुळे शेजारी निवडायची सोय कोणालाच नव्हती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी तिथल्या कुटुंबांना त्यांचं जाणं-येणं कोणाकडे आहे ते विचारलं आणि 1950 साली त्यावर पुस्तक लिहिलं. वसाहतीतल्या दुमजली इमारतींमध्ये एका मजल्यावर पाच घरं होती आणि लगतच्या दोन दारांमध्ये सुमारे 19 फुटांचं अंतर. ज्यांची दारं लागून होती अशा जोड्यांपैकी 41 टक्के जोड्यांमध्ये मैत्री होती. एक घर मध्ये आलं की हे प्रमाण 22 टक्क्यांवर उतरत होतं, आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांमध्ये अवघं 10 टक्के होतं. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जायला अर्धा मिनिटसुद्धा लागला नसता. तरीही फरक चौपट!

त्याहून बोलकी होती जिन्याची गोष्ट. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी ज्यांचं घर होतं, त्यांची वरच्या मजल्यावर इतरांपेक्षा जास्त ओळख होती. पत्रपेट्यांजवळ राहणाऱ्यांचंही तसंच. वसाहतीतल्या काही घरांची तोंडं मधल्या अंगणाकडे नसून बाहेरच्या रस्त्याकडे होती. त्या घरांमधल्या कुटुंबांना इतरांच्या निम्म्याहूनही कमी मित्र मिळाले. त्या माणसांच्या स्वभावात खोट नव्हती. त्यांचं दार चुकीच्या दिशेला उघडत होतं.

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या माणसाला हे सगळं न शिकवता ठाऊक असतं. सामाईक गॅलरी, सामाईक नळ, एकच जिना, आणि दिवसभर उघडी दारं. पाणी भरायला निघालेल्या बाईला चार दारांवरून जावंच लागे, आणि चार ठिकाणी दोन शब्द बोलावेच लागत. लिफ्टमधून थेट आपल्या मजल्यावर उतरून लॅचचं दार ओढून घेणाऱ्या इमारतीत अशी सक्ती राहत नाही. अर्थात सक्तीची दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीची 1976 साली पाहणी झाली, तेव्हा नावडती माणसंही बहुधा जवळच राहतात असं दिसलं. नळावरची भांडणं आठवली की हेही पटतं. जवळ राहण्यानं मैत्रीची हमी मिळत नाही. मैत्रीची किंवा वैराची, दोन्हींची संधी मात्र मिळते.

ही संधी किती बारीक असू शकते ते जर्मनीत लाइप्झिग विद्यापीठात दिसलं. मिट्या बॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी चिठ्ठी टाकल्यासारख्या, कशाही जागा दिल्या. वर्षभरानंतर त्या दिवशी शेजारी किंवा निदान एकाच रांगेत बसलेल्या मुलामुलींची आपसांतली मैत्री इतरांपेक्षा दाट निघाली. 2008 साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. एका दिवसाची एक खुर्ची वर्षभर पुरली.

खुर्ची मिळाली, शेजार मिळाला, तरी पुढचं काम वेळेचं असतं. हा वेळ किती लागतो हे कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी शोधायचं ठरवलं. नुकत्याच नव्या गावी राहायला आलेल्या 355 प्रौढांना आणि विद्यापीठात नव्यानं दाखल झालेल्या 112 विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, की इथे भेटलेल्या अमुक माणसाबरोबर तुमचा किती वेळ गेला आणि आता त्याला तुम्ही कोण म्हणाल. नुसत्या ओळखीची जुजबी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, खरा मित्र म्हणावं इथवर यायला सुमारे 90 तास, आणि जवळचा मित्र व्हायला 200हून अधिक तास लागतात, असा त्यांचा हिशेब निघाला. आकडे अमेरिकेतले आहेत, ते जसेच्या तसे दुसरीकडे लावू नयेत. पण त्याच पाहणीत निघालेल्या आणखी दोन गोष्टी कुठल्याही देशातल्या माणसाला पटाव्यात. कामाच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास या खात्यात फारसे जमा होत नाहीत. आणि हवापाण्याच्या गप्पांनी माणूस जवळ येत नाही. थट्टामस्करी, एकमेकांच्या घरची खबरबात आणि मनातलं बोलणं यांनी येतो.

मुंबईच्या लोकलमधले ग्रुप हे याचं उत्तम उदाहरण आहे. कर्जत-कसाऱ्याकडून, वसई-विरारकडून रोज त्याच वेळेची गाडी, तोच डबा, डब्यातलं तेच दार. जाताना तास-दीड तास, येताना तितकाच. ग्रुपमधला एखादा मागच्या स्टेशनावर चढून बाकीच्यांसाठी जागा धरतो. कुठे टाळ-मृदंगासह भजन चालतं, कुठे पत्त्यांचा डाव बॅगेवर मांडला जातो. बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर भाजी निवडली जाते, संक्रांतीनंतर हळदीकुंकू होतं, कोणाचं डोहाळजेवणही होतं. दसऱ्याच्या सुमारास डब्याला झेंडूची तोरणं लागतात. महिन्याचे 25 दिवस आणि दिवसाचा एकच तास धरला, तरी 200 तास आठ महिन्यांत भरतात. शिवाय हा वेळ साहेबाचाही नाही आणि घरकामाचाही नाही. म्हणून तिथे सुनेची कागाळी, मुलाची फी, बदलीची धास्ती हे सगळं बोललं जातं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर पंधरा वर्षं बसलेल्या माणसाला जे माहीत नसतं, ते डब्यातल्या सोबत्याला माहीत असतं.

मग तास भरल्याशिवाय मैत्री होतच नाही का? होते, अपवाद आहेत, आणि त्यातला एक अस्सल मराठी आहे.

गोपाळराव जोशी यांनी पत्नी आनंदीबाई यांच्या शिक्षणासाठी अमेरिकेत मदत मिळावी म्हणून कोल्हापुराहून एका मिशनऱ्याला पत्र लिहिलं होतं. ते पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलं गेलं. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई 1880 साली दाताच्या डॉक्टरकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत होत्या. तिथे पडलेल्या मासिकाचा अंक त्यांनी चाळला, त्यात हे पत्र वाचलं आणि आपणहून उत्तर पाठवलं. आनंदीबाई तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. कार्पेंटरबाई वयानं त्यांच्या आईसारख्या. दोघींचा धर्म वेगळा, देश वेगळा, भाषा वेगळी, आणि एक पत्र पोचून उत्तर यायला कित्येक आठवडे लागायचे. तरीही पत्रांमधून रीतिरिवाज, धर्म, बालविवाह, स्त्रियांची दुखणी अशा विषयांवर दोघी मोकळेपणानं लिहीत राहिल्या. आनंदीबाईंच्या प्रकृतीची कुरकुर कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. 7 एप्रिल 1883 रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला कार्पेंटरबाई आल्या होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत.

दोघींमध्ये जे घडलं त्याची छोटी प्रतिकृती पुढे प्रयोगशाळेत तयार झाली. आर्थर अॅरन यांनी 1997 साली अनोळखी माणसांच्या जोड्या बसवून त्यांना 36 प्रश्नांची यादी दिली. सुरुवातीचे प्रश्न हलके, पुढचे अधिकाधिक खाजगी, आणि दोघांनीही उत्तर द्यायचं. पाऊण तासानं त्या जोड्यांना एकमेकांविषयी जी जवळीक वाटली, ती नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारायला बसवलेल्या जोड्यांपेक्षा बरीच जास्त होती. एकानं थोडं सांगायचं, दुसऱ्यानं तितक्याच विश्वासानं त्याच्या पुढचं सांगायचं, ही पायरीपायरीची देवाणघेवाण मैत्रीचं खरं इंजिन आहे. शेजार आणि तास यांचं मोल एवढ्यासाठी, की ते या बोलण्याला वाव देतात. आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांनी शेजाराशिवाय तो वाव टपालातून मिळवला. आनंदीबाई 11 मार्च 1886 रोजी डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, वयाची बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच, गेल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या, आणि त्यांनी त्या न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आजही आहे.

मैत्री सुरू कशी होते याचा शोध घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पुढे कशी बदलते हे पाहायचा धीर धरला. थिओडोर न्यूकम यांनी तो धरला. मिशिगन विद्यापीठात 1954 पासून सलग दोन वर्षं, दर वर्षी एकमेकांना मुळीच न ओळखणारे 17 विद्यार्थी त्यांनी एका घरात फुकट राहायला ठेवले. बदल्यात मुलांनी दर आठवड्याला प्रश्नावल्या भरायच्या. कोणाची मतं काय आहेत हे न्यूकमना ती मुलं राहायला येण्याआधीच माहीत होतं. सुरुवातीच्या आठवड्यांत त्या मतांचा मैत्रीशी फारसा संबंध दिसेना. खोली, मजला, जेवणाची वेळ यांवर गाडी चालली होती. महिने गेले तशी मांडणी बदलली. सत्र संपेपर्यंत ज्यांची मतं मुळातच मिळतीजुळती होती ते एकमेकांकडे सरकले होते. म्हणजे दार उघडतं ते शेजारामुळे, पण आत कोण राहतं हे मतं ठरवतात.

न्यूकम यांच्या त्या घराहून कितीतरी मोठा आणि वेदनेचा प्रयोग पुण्यात एकोणिसाव्या शतकातच होऊन गेला होता. त्यातल्या दोघांची नावं बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर.

दोघांचा जन्म जुलै 1856 मधला, नऊ दिवसांच्या अंतरानं. टिळक रत्नागिरीचे, आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. एकाच्या घरी वडील शिक्षणखात्यात, दुसऱ्यानं माधुकरी मागून आणि पडेल ते काम करून शिक्षण केलेलं. 1879च्या सुमारास डेक्कन कॉलेजात गाठ पडली, आणि सरकारी नोकरी करायची नाही, शिक्षणाला वाहून घ्यायचं, हा निश्चय त्या सहवासात पक्का झाला. मग पुढच्या काही वर्षांत जे घडलं ते आजही थक्क करतं. 1 जानेवारी 1880 रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालं. 1881 साली ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू झाले, आणि ‘केसरी’चं संपादन आगरकरांकडे आलं. 1884 साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी, 1885 साली फर्ग्युसन कॉलेज.

मधे 1882 साल आहे. कोल्हापूरच्या महाराजांना मिळणाऱ्या वागणुकीवर दोन्ही वर्तमानपत्रांनी कोरडे ओढले. ज्या पत्रांच्या आधारावर हे लिहिलं होतं ती बनावट निघाली. कारभारी माधवराव बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली आणि दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरी तुरुंगात दोघे एकत्र होते. 26 ऑक्टोबरला सुटका झाली तेव्हा 101 दिवस भरले होते. आगरकरांनी पुढे या 101 दिवसांवरच पुस्तक लिहिलं. दोन तरुण माणसं, एक कोठडी आणि रात्री. गप्पा अशा रंगायच्या की आवाज चढायचा आणि पहाऱ्यावरच्या शिपायाला गप्प करायला यावं लागायचं. याच तुरुंगात आगरकरांनी शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चं मराठी रूपांतर हाती घेतलं, तेच ‘विकारविलसित’. हॉल यांच्या हिशेबानं 200 तास म्हणजे या दोघांचा तुरुंगातला जेमतेम पहिला दीड आठवडा.

इतकं सगळं असून ती मैत्री टिकली नाही. आगरकरांचं म्हणणं, समाज आधी सुधारला पाहिजे, बालविवाह आणि विधवांचे हाल थांबवायला कायदाही चालेल. टिळकांचं म्हणणं, परक्या सरकारनं आमच्या घरात कायदा घेऊन शिरू नये, आधी राजकीय हक्क. ही दोन मतं डेक्कन कॉलेजातही वेगळीच असणार. पण शाळा काढणं, छापखाना चालवणं, खटला लढवणं या कामांच्या धबडग्यात त्यांचा काच जाणवला नाही. संस्था स्थिरावल्या आणि मग ठिणग्या उडायला लागल्या. सोसायटीच्या आजीव सदस्यांचे पगार वाढवावेत का, बाहेरचं काम घ्यावं का, यावरून खटके उडाले. आगरकरांना दमा होता, संसार ओढायचा होता. टिळकांना त्यागाच्या मूळ नियमात सूट नको होती. ऑक्टोबर 1887 मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला. पुढच्या वर्षी त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि दोन मित्र दोन पत्रांमधून एकमेकांवर तुटून पडू लागले. 1890 साली टिळक सोसायटीतून बाहेर पडले. 1891च्या संमतिवयाच्या कायद्यावर दोघे समोरासमोर उभे होते. पुण्यातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली.

17 जून 1895 रोजी आगरकर गेले. वयाची 39 वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ‘केसरी’तला मृत्युलेख टिळकांनी लिहिला. मृत्यूपुढे मतभेद मागे पडतात आणि जुन्या आठवणी वर येतात, हा त्याचा भाव. मराठी माणसं या दोघांच्या भांडणाची बाजू घेऊन सव्वाशे वर्षं वाद घालत आली आहेत. मैत्रीच्या अंगानं पाहिलं तर वेगळीच गोष्ट दिसते: जी आठ वर्षं टिकली ती मैत्री फसलेली म्हणता येत नाही. तिच्यातून उभी राहिलेली शाळा, कॉलेज आणि वर्तमानपत्र मैत्री तुटल्यावरही चालत राहिलं.

अशी कडाडून तुटणारी मैत्री मात्र विरळा. बहुतेक मैत्र्या भांडणानं संपत नाहीत, भेटी थांबल्यानं संपतात. नेदरलँड्समधले समाजशास्त्रज्ञ गेराल्ड मोलेनहॉर्स्ट यांनी सुमारे हजार माणसांना त्यांच्या जवळच्या लोकांविषयी विचारलं आणि सात वर्षांनी त्यांतल्या 604 जणांना पुन्हा गाठलं. मित्रांची एकूण संख्या जवळपास तेवढीच होती, पण जुन्यांपैकी निम्मे गळून नवे आले होते. मन मोकळं करण्यासाठी किंवा अडीअडचणीला ज्यांच्याकडे जायचं, त्यांच्यापैकी जेमतेम 30 टक्के लोक सात वर्षांनीही त्याच जागी होते. नोकरी बदलली, घर बदललं, क्लब सुटला, की त्या ठिकाणची माणसंही सुटली. लोकलच्या ग्रुपचंही हेच होतं. ऑफिस दादरहून बेलापूरला गेलं, की वीस वर्षांची सोबत महिन्याभरात व्हॉट्सअॅपच्या शुभेच्छांवर येते.

याला वयाचीही एक चाल आहे. एका युरोपीय देशातल्या तीस लाखांहून अधिक फोनधारकांच्या नोंदी कुणाल भट्टाचार्य, रॉबिन डनबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली तपासल्या. माणूस दरमहा जितक्या वेगवेगळ्या लोकांशी बोलतो ती संख्या पंचविशीच्या आसपास सर्वांत मोठी असते. तिथून उतार लागतो. त्या वयानंतर जोडीदार येतो, मुलं येतात. डनबर यांच्याच एका पाहणीत प्रेमाचं माणूस आयुष्यात आलं की सर्वांत आतल्या वर्तुळातली सरासरी दोन माणसं बाहेर ढकलली जातात असं निघालं. लग्न झाल्यावर नाक्यावरून गायब झालेल्या मित्राला शिव्या घालणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. त्याचा दिवसही 24 तासांचाच असतो. शाळा संपवून पुढच्या शिक्षणाला गेलेल्या ब्रिटिश मुलामुलींचा सॅम रॉबर्ट्स आणि डनबर यांनी 18 महिने मागोवा घेतला, तेव्हा नातेवाइकांविषयीचा जिव्हाळा भेटी नसतानाही टिकला; मित्रांविषयीचा मात्र झरझर ओसरला. मुलींच्या मैत्रीला फोनवरच्या गप्पांनी आधार मिळाला. मुलांना गप्पांचा उपयोग झाला नाही. त्यांना एकत्र काहीतरी करावं लागलं, मग तो खेळ असो की भटकंती.

भारतात मात्र मैत्रीवर सर्वांत मोठी कुऱ्हाड पडते ती बायकांच्या, आणि तीही लग्नाच्या दिवशी. 2011च्या जनगणनेत गाव किंवा घर सोडून दुसरीकडे आलेल्या स्त्रियांपैकी सुमारे दोनतृतीयांश स्त्रियांनी त्याचं कारण लग्न हे सांगितलं. मुलगा सासरी जात नाही, त्यामुळे त्याचा बालमित्र गल्लीतच राहतो. मुलीची शाळेतली मैत्रीण दुसऱ्याच गावी जाते, कधी तिचं नावही बदलतं, आणि दोघींची गाठ माहेरपणाच्या तारखा जुळल्या तरच पडते. हे इतकं सवयीचं झालं आहे की त्याला नुकसान म्हणायलाही कोणी धजत नाही. ते नुकसानच आहे.

सासरी नवी मैत्री जुळायला जागा होती ती कामाची: पाणवठा, शेतातली निंदणी-खुरपणी, आणि पहाटेचं जातं. जात्यावर बहुधा दोघी समोरासमोर बसत. एकाच खुंट्यावर दोघींचे हात, एकीनं मुठीनं वैरण घालायची, फेऱ्याच्या लयीत ओवी सुटायची. घर झोपलेलं असे आणि घरघरीत बोलणं झाकलं जाई. नवऱ्याचं, सासूचं, माहेरच्या भावाचं जे दिवसा तोंडातून काढता येत नसे ते तिथे निघे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांत फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत मैत्रिणीच्या आणि मानलेल्या बहिणीच्या ओव्याही आहेत. पुढे गावात विजेची गिरणी आली, कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. पण त्या दोन तासांच्या समोरासमोर बसण्याला पर्याय उभा राहायला फार वेळ लागला. भिशी आणि बचत गटाच्या बैठकीला बायका वेळेआधी का येतात, हे इथे कळतं.

उतरत्या वयात चित्र पुन्हा बदलतं, आणि लोक समजतात तसं नुसतंच उदास होत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी दाखवून दिलं, की म्हातारपणी ओळखींचं वर्तुळ आक्रसतं ते बरंचसं माणसानं आपण होऊन आवरतं घेतल्यामुळे. पुढचा काळ थोडा आहे असं जाणवलं, की वरवरच्या ओळखी सोडून दिल्या जातात आणि जिवाभावाची माणसं घट्ट धरली जातात. हे शहाणपण मृत्यूच्या जाणिवेतून येतं असं बरीच वर्षं मानलं गेलं. मग युगांडातल्या किबाले राष्ट्रीय उद्यानातून एक बातमी आली. तिथल्या 21 नर चिंपांझींच्या 1995 ते 2016 या काळातल्या नोंदी तपासल्या, तर तरुण नरांची ओढ पुष्कळदा एकतर्फी दिसली: हा त्याच्याजवळ जाऊन बसतो, तो दुसऱ्याच कोणाजवळ. वय वाढलं तसे उभयपक्षी मित्र वाढले, भांडणं कमी झाली आणि एकमेकांचे केस साफ करत बसणं मात्र कायम राहिलं. ‘सायन्स’मध्ये 2020 साली हे प्रसिद्ध झालं. चिंपांझी आपल्या उरलेल्या वर्षांचा हिशेब करत असतील याला काहीही पुरावा नाही. मग म्हातारपणची ही निवड आपल्या जाणिवेपेक्षाही जुनी असावी. सकाळी बागेतल्या ठरलेल्या बाकावर जमणाऱ्या आजोबांकडे त्या दृष्टीनंही पाहता येईल.

मागे सुटलेल्या मैत्रीचं काय? दहावीच्या बॅचची स्नेहसंमेलनं आता तालुक्या-तालुक्यांत होतात. पंचवीस-तीस वर्षांनी भेटलेली माणसं अर्ध्या तासात एकेरीवर येतात, कारण ते जुने तास पुसले गेलेले नसतात. अडचण असते ती पहिला फोन कोणी करायचा याची. इतक्या वर्षांनी त्याला काय वाटेल, काम असेल म्हणून केला असं वाटेल, अशी भीड पडते. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या पेगी लियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 5,900हून अधिक लोकांवर केलेले 13 प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाले. आपण आपणहून विचारपूस केली तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक सातत्यानं कमी करतात, असं त्यांत आढळलं. विचारपूस अनपेक्षित असेल तर समोरच्याला जास्तच बरं वाटतं.

तेव्हा फोनमधल्या ज्या नावावरून बोट दर वेळी पुढे सरकतं, त्या नावाला एकदा फोन लावून पाहावा. ‘सहज केला होता’ एवढं कारण पुरेसं आहे.